एकट्या सशाला जोडीदार आणताना

मागच्या वेळी आपण पापडाच्या पॅकिंगवर बोललो. आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. विषय आहे ससा. घरात एक ससा आहे, तो एकटा पडतो, म्हणून दुसरा आणायचा, तर तो कसा निवडायचा. हसा खुशाल, पण याच विषयावर आमच्या चिंचपोकळीच्या बचत गटाच्या दोन बैठका झाल्या, कर्जाचा ठराव झाला, आणि दोघी मैत्रिणी महिनाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या.

आम्ही राहतो ती गिरणगावातली जुनी चाळ. दहा बाय बाराची खोली, कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा, बाहेर सामाईक गॅलरी. गटातल्या एक ताई पोळी-भाजी केंद्रात कामाला जातात. त्यांच्या आठवीतल्या मुलीनं हट्ट करून एक ससा आणला. पांढरा, लाल डोळ्यांचा. विकणारा म्हणाला मादी आहे, म्हणून नाव ठेवलं चिंगी. आई कामावर, मुलगी शाळेत, चिंगी दिवसभर पिंजऱ्यात. चार-सहा महिन्यांत ती पिंजऱ्याच्या तारा चावायला लागली, अंगावरचे केस उपटायला लागली. कोणी हात घातला की पंजा मारायची.

ससा एकटा राहायला केलेला प्राणी नाहीच. आपण पाळतो त्या सशांचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे. ते जमिनीत बिळं करून कळपानं राहतात. एकानं धोका ओळखला की पाय आपटून बाकीच्यांना सावध करायचं, अंग चाटून एकमेकांना साफ करायचं, चिकटून झोपायचं, अशी त्यांची रीत. त्यामुळे चिंगीला सोबत हवी हे ताईंच्या मुलीचं म्हणणं अगदी बरोबर होतं. चूक झाली ती पुढे. आणि ती चूक तिची एकटीची नव्हती, बाजारात आम्हीही बरोबर गेलो होतो.

विक्रेत्यानं दोन महिन्यांचं पिल्लू हातात दिलं. "ही पण मादी. दोघी बहिणींसारख्या राहतील." कापसासारखी म्हणून नाव कापूस. खरंच दोघी छान राहिल्या. तीन-चार महिने गेले. एका सकाळी ताई घाबऱ्या होऊन आल्या. कापूसनं छातीवरचे केस उपटून पिंजऱ्याच्या कोपऱ्यात ढीग केला होता. आम्हाला वाटलं खरूज. संध्याकाळी त्या केसांखाली काहीतरी हललं. सहा पिल्लं, बिनकेसांची, डोळे मिटलेली, बोटाएवढी.

चिंगी नर होता.

लहान सशाचं नर-मादी ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. नराच्या गोट्या साधारण तीन-साडेतीन महिन्यांनी खाली उतरतात, त्याआधी दोघं जवळजवळ सारखेच दिसतात. विकणारा खोटंच बोलतो असं नाही, पुष्कळदा त्यालाही कळलेलं नसतं. पण हिशोब ऐका. मादी चार ते सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. पोटात पिल्लं राहतात एक महिना, तीस-बत्तीस दिवस. आणि व्याल्यावर त्याच दिवशी ती पुन्हा गाभण राहू शकते. शेळी-गाईसारखा मधे काळ जात नाही. आम्हाला हे माहीत नव्हतं. पिल्लांच्या कौतुकात चिंगीला बाजूला काढायचं कुणाला सुचलंच नाही. बरोबर महिन्यानं कापूसनं पुन्हा केस उपटले. या वेळी अर्थ कळला होता, म्हणून चिंगीला त्याच रात्री शेजारच्या काकूंकडे हलवला. सकाळी आणखी पाच पिल्लं.

दहा बाय बाराच्या खोलीत तीन माणसं आणि तेरा ससे. दोन पिल्लं दगावली. नऊ जगली. गावाकडच्या मैत्रिणींसाठी एक सांगतो, कारण इथं आमची फार धावपळ झाली. मादी पिल्लांपाशी बसून राहत नाही. दिवसातून एकदा, फार तर दोनदा, पहाटे किंवा रात्री, पाचेक मिनिटं पाजते आणि निघून जाते. आम्हाला वाटलं आईनं टाकलं, म्हणून ड्रॉपरनं गाईचं दूध पाजायला लागलो. तसं करू नका. पिल्लाचं पोट गोल आणि अंग गरम असेल तर आईनं पाजलेलं आहे.

मग झाली ती बैठक. ताईंनी गटाकडे तीन हजार रुपये मागितले, चिंगीच्या नसबंदीसाठी, औषधासाठी, जाण्या-येण्यासाठी. एक जण उसळून म्हणाल्या, "माणसाच्या औषधाला मागताना आम्ही दहा वेळा विचार करतो, आणि सशासाठी कर्ज?" त्यांचंही खोटं नव्हतं. मागच्याच वर्षी त्यांनी सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन पैशासाठी पुढे ढकललं होतं. दुसरी बाजू अशी की दर महिन्याला पाच-सहा पिल्लं येत राहिली तर गवत, भाजी, औषध, सगळं ताईंच्या पगारातूनच जाणार, आणि मग बचतीचा हप्ता थांबणार. शेवटी नेहमीच्या दोन टक्के व्याजानं, सहा हप्त्यांत फेड, असा ठराव झाला. वहीत कारण लिहिताना सेक्रेटरीनं "घरगुती अडचण" लिहिलं. आम्ही ते खोडून "सशाचं ऑपरेशन" लिहायला लावलं. नोंद खरी हवी.

आमच्या भागाला एक सोय आहे. परळला बाई साकराबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं हॉस्पिटल आहे, जुनी माणसं त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. तिथंच 1886 सालचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. चिंचपोकळीहून दोन स्टेशनं. तिथं विचारपूस केली, सशांचं काम नेहमी करणारे डॉक्टर कळले. तुमच्याकडे तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना असेल. तिथले डॉक्टर गाई-म्हशी-शेळ्यांत वाकबगार असतात, पण सशाला भूल देणं वेगळं. म्हणून आधी सरळ विचारायचं, "डॉक्टर, तुम्ही सशाला भूल दिली आहे का?" यात अपमान काही नाही. आणखी एक, माणसाला ऑपरेशनआधी उपाशी ठेवतात, सशाला ठेवत नाहीत. सशाला उलटी होतच नाही, आणि पोट रिकामं राहिलं तर आतडी थंडावतात. उपाशी आणा असं कोणी सांगितलं तर पुन्हा एकदा नीट विचारा.

त्या डॉक्टरांनी आम्हाला बसवून जे सांगितलं, ते आधी कळलं असतं तर ही वेळ आली नसती. दुसरा ससा रंगावर, कानावर, मुलांच्या आवडीवर निवडायचा नसतो. तो आधीच्या सशाकडे बघून निवडायचा. घरचा नर की मादी, वय काय, नसबंदी झाली का, हे आधी डॉक्टरकडून खात्रीनं जाणून घ्यायचं, मगच बाहेर बघायचं. सगळ्यांत सोपी जोडी नर-मादीची, पण दोघांची किंवा निदान नराची नसबंदी झालेली. दोन नर वयात आले की एकमेकांना फाडतात, अगदी सख्खे भाऊ असले तरी. दोन माद्या कधी जमतात, कधी वर्षभरानंतर अचानक हद्दीवरून भांडतात. आणि एकाच वेतातले भाऊ-बहीण? सशाला नातं कळत नाही, ते लागतात.

नराचं ऑपरेशन झालं म्हणून लगेच मादीजवळ सोडायचं नाही. चार ते सहा आठवडे त्याच्याकडून पिल्लं होऊ शकतात. आम्ही सहा आठवडे मोजले, कॅलेंडरवर खुणा करून. मादीची पिशवी काढण्याचं ऑपरेशन मोठं आहे, खर्चाचं आहे, पण तेही करण्यासारखं आहे. न केलेल्या माद्यांना चार-पाच वर्षांनंतर गर्भपिशवीचा कॅन्सर फार मोठ्या प्रमाणात होतो. आम्ही बायका, आम्हाला हे कोणी फार समजवावं लागलं नाही. ज्या ताईंनी कर्जाला विरोध केला होता त्याच म्हणाल्या, "मग तिचंही करून टाका." कापूसचं ऑपरेशन पुढे सहा महिन्यांनी झालं, चिंगीचे हप्ते फिटल्यावर.

वयाचं म्हणाल तर साधारण बरोबरीचं बरं. म्हाताऱ्या सशाला दोन महिन्यांचं पिल्लू आणलं की ते त्याच्या अंगावर नाचतं आणि त्याला वीट येतो. शिवाय पिल्लू लहानपणी गोड वागतं म्हणून जमलं असं वाटतं, ते वयात आल्यावर खरं कळतं. आमच्या गटातल्या दुसऱ्या एका बाईंकडे पाच वर्षांचा नर होता, त्यांना आमच्या नऊमधलं एक हवं होतं. आम्ही नाही म्हणालो. त्या रागावल्या, कारण आम्हीच पिल्लं द्यायला घरोघरी फिरत होतो ना! पण त्याच सुमारास कोणीतरी मुलं मोठी झाली म्हणून दोन वर्षांची मादी काढत होतं. शांत, माणसाळलेली. आधी नराची नसबंदी झाली, मग ती आली. आज दोघं सुखानं आहेत. तयार, मोठा ससा मिळत असेल तर पिल्लापेक्षा तो घ्या. नर की मादी हे निश्चित असतं, स्वभाव दिसतो, आणि एक जीव रस्त्यावर जायचा वाचतो. दुकानातून घ्यायचाच असेल तर 2018 च्या नियमांप्रमाणे पाळीव प्राण्यांच्या दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. नोंदणी दाखवा म्हणायला लाजू नका.

इथं गावाकडच्या मैत्रिणींनी जरा कान द्या. ऊसतोडीत, गवत कापताना रानसशाचं पिल्लू सापडतं. मुलं उचलून आणतात आणि घरच्या पांढऱ्या सशाला जोडीदार झाला म्हणतात. आपण मराठीत दोघांनाही ससाच म्हणतो, पण ते दोन वेगळे प्राणी आहेत. रानससा बीळ करत नाही, कळपात राहत नाही, त्याचं पिल्लू अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतं. घरच्या सशाशी त्याची जोडी जमत नाही आणि पिंजऱ्यात भीतीनंच ते मरतं. सापडलेलं पिल्लू पोरकंही नसतं, आई त्याला गवतात लपवून दूर राहते आणि अंधार पडल्यावर पाजायला येते. जिथं होतं तिथंच, जवळच्या आडोशाला ठेवून द्या. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानससा पकडणं, पाळणं गुन्हा आहे. उगाच वनखात्याचं लफडं मागे कशाला?

नवा ससा आणला की दोन आठवडे वेगळा ठेवायचा. कानाच्या कडेला, नाकावर खपल्या आहेत का, नाक वाहतंय का, मागची बाजू घाण आहे का, बघायचं. खरूज असली तर ती दुसऱ्या सशाला लागते आणि आपल्या हातालाही खाज सुटते. एका खोलीच्या घरात वेगळा कुठं ठेवणार? आम्ही गटातल्या दुसरीच्या घरी ठेवतो. हात धुऊनच इकडून तिकडे जायचं. पिसवांसाठी कुत्र्याचं औषध परस्पर लावू नका, फिप्रोनिल असलेला फवारा सशाच्या जिवावर बेततो.

मग ओळख करून देणं. चिंगी आणि कापूस आधी एकत्र राहिलेले, म्हणून सहा आठवड्यांनी आम्ही सरळ एका पिंजऱ्यात टाकले. क्षणात लोकर उडाली. कापूसच्या कानाला चावा. ताईंच्या मुलीनं मधे हात घातला, तिचं बोट फाटलं. भांडणाऱ्या सशांत हात कधीच घालायचा नाही. मधे सुपली किंवा उशी सरकवायची.

दुसऱ्यांदा मात्र नीट केलं. दोन पिंजरे शेजारी, मधे चार बोटं अंतर, म्हणजे दिसतील, वास येईल, चावता येणार नाही. दोन-तीन दिवसांनी याचं फडकं त्याच्या पिंजऱ्यात, त्याचं याच्या. जाळीपलीकडे दोघं शांत पडायला लागले की भेट, पण दोघांचीही नसलेल्या जागी. घरात प्रत्येक कोपरा कुणातरी एकाच्या मालकीचा असतो. आम्ही काकूंची दुपारी रिकामी असलेली खोली घेतली, खाली जुनी चादर टाकली, कारण गुळगुळीत लादीवर सशाचे पाय घसरतात आणि तो घाबरतो. पहिल्या दिवशी दहा मिनिटं. दोघांसमोर कोथिंबीर. रोज थोडं थोडं वाढवत नेलं.

बघायचं काय? एकमेकांवर चढणं दिसलं की बायका तोंडाला पदर लावतात, पण ते मोठा कोण हे ठरवणं असतं, माद्याही करतात. चालू द्यायचं. फक्त डोक्याच्या बाजूनं चढला तर उतरवायचा, खालचा चावतो आणि नको तिथं चावतो. थोडा पाठलाग, थोडे केस, चालतं. कान मागे सपाट, शेपूट वर, दोघं गोल फिरायला लागले की लगेच सुपली मधे. आणि चांगली खूण म्हणजे एकानं दुसऱ्यासमोर डोकं जमिनीला टेकवणं. "मला चाट" असं ते म्हणणं असतं. दुसऱ्यानं चाटलं की अर्धं काम झालं. आमचं तीन आठवड्यांत जमलं. कुणाचं आठवड्यात होतं, कुणाला दोन महिने लागतात. काही जोड्या कधीच जमत नाहीत, म्हणून ज्यांच्याकडून घेता त्यांना आधीच सांगून ठेवा की नाही पटलं तर परत आणू.

आता जागेचं. ब्रिटनमधली रॅबिट वेल्फेअर असोसिएशन सांगते की दोन सशांना तीन मीटर बाय दोन मीटर जागा हवी. आम्ही टेपनं मोजलं, ती आमची अर्धी खोली! गावाकडे अंगण आहे, परस आहे, तिथं तुम्ही आमच्यापेक्षा श्रीमंत. कुत्रं-मुंगूस येणार नाही असं कुंपण मात्र हवं. चाळीत आम्ही काय करतो, तर पिंजऱ्याच्या तळाच्या तारेवर पोतं घालतो, नाहीतर पायाला जखमा होतात, आणि संध्याकाळी दोन-तीन तास दोघं खोलीभर मोकळे. वायरी वर बांधायच्या. हे जमणार नसेल तर दुसरा ससा आणू नये असं आमचं मत आहे. ससा आठ-दहा वर्षं जगतो. दुसरा आणताना मुलगी आठवीत होती, तो म्हातारा होईल तेव्हा ती कदाचित सासरी असेल. करणार कोण हे आजच ठरवा. आणायचं नाही ठरलं, तर असलेल्या एकट्याजवळ रोज तासभर जमिनीवर बसा, त्याच्या कपाळावरून हात फिरवा. जोडीदाराची सर येत नाही, पण पिंजऱ्यातल्या एकांतापेक्षा खूप बरं.

खाणं थोडक्यात. सुकं गवत भरपूर, दिवसभर. आम्ही दादरच्या फूलबाजारात उरलेल्या दूर्वा स्वस्तात आणतो, धुऊन देतो, ससे खूश असतात. कोथिंबीर, मुळ्याचा पाला थोडा. गाजर म्हणजे त्याची मिठाई, तुकडाभरच. पोळी, पाव, भात नाही. लसूणघास पिल्लाला चालतो, मोठ्याला रोज नको, त्यात कॅल्शियम जास्त. आणि दोघांचं शेण एकत्र पडतं, त्यामुळे कोण खात नाहीये हे चटकन कळत नाही. म्हणून रोज दोघांना हातानं एकेक पान द्या. अर्धा दिवस एखाद्यानं तोंड लावलं नाही तर उद्यावर ढकलायचं नाही, दवाखाना गाठायचा.

नऊ पिल्लांपैकी चार गटातल्या बायकांच्या नातेवाइकांकडे गेली, दोन साताऱ्याला. एकानं शाळेत पाळायला म्हणून तीन नेली, त्यांचा फोन पुढे लागला नाही. ताईंची मुलगी अजून विचारते. आम्हाला सांगता येत नाही.

कर्जाचा शेवटचा हप्ता श्रावणात आला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या गल्लीत चिंतामणीचं आगमन. चिंचपोकळीचं मंडळ 1920 सालचं, आगमनाला पूर्ण रस्ता माणसांनी भरतो, ढोल-ताशे छातीत वाजतात. एकटी असताना चिंगी, म्हणजे चिंगी म्हणायची सवय सुटत नाही, आवाजानं पिंजऱ्यावर डोकं आपटून घ्यायची. ससे भीतीनं मरूही शकतात, म्हणून मुलीनं खिडकीला गोधडी लावली, पिंजरा पलंगाखाली सरकवला आणि दर पाच मिनिटांनी वाकून बघत राहिली. खाली ढोल चालू होता. चिंगी आणि कापूस कोपऱ्यात एकमेकांच्या अंगाला अंग लावून बसले होते आणि चिंगी कापूसचा तो चावलेला कान चाटत होता.